लाल बाटली

चूक माझीच आहे, कायतानबाब.
एका स्क्रूला एक थेंब पुरतो,
बाटलीवरच लिहिलेलं होतं,
आणि मी तीन-तीन घातले.
निळी बाटलीही होती खिशात,
पुढेमागे पाना लावला तर निमूट सुटणारी.
पण तुम्ही म्हणालात, 'केन्नाच सुटूंक फावना',
आणि मी लाल उघडली.

अकरा वर्षं झाली.
कुटबणच्या जेटीवर तेव्हा बोटीचा रंगसुद्धा ओला होता.
विंचच्या लोखंडी पाटावर पितळी पट्टी,
पट्टीवर रोमन अक्षरांत तुमच्या आईचं नाव, इझाल्दा.
सहा स्क्रू, षटकोनी खाचेचे.
इंजिन रात्रंदिवस थरथरवतं बोटीला,
नट गळतात, बिजागऱ्या गळतात,
खलाशांच्या दाढा हलतात म्हणे.
पट्टी नाही हलली.

आता आचऱ्याचा कुबल पैसे मोजून उभा आहे.
विंच घेतो, जाळी घेतो, बर्फाची खणसुद्धा आहे तशी,
नाव तेवढं नको म्हणाला.
त्याचंही बरोबर आहे. त्याला त्याची आई असेल.

पहिला स्क्रू आम्ही ताकदीनं काढायला गेलो.
सोमायनं अ‍ॅलन कीला हातभर नळी चढवली,
खांदा लावला,
आणि खाच वाटीसारखी गोल, गुळगुळीत.
मी ओरडलो नाही त्याला.
त्याच्या वयात मीही लोखंडाशी असाच भांडायचो.

ब्लोटॉर्च नको.
पाटामागे फायबरची भिंत, भिंतीतून डिझेलचा पाईप.
सोल्डरिंगची जाड सळई घ्यायची,
खाचेतला जुना रंग दाभणानं खरवडायचा,
तापलं टोक स्क्रूच्या पोटात टेकवायचं
आणि हात न हलवता थांबायचं.
ताप स्क्रूला यावा, पट्टीला नव्हे.
किती वेळ?
जेटीवर बांगड्याच्या तीन टोपल्या तोलून होईपर्यंत.

मग एक बारीक वास येतो,
जळक्या नखासारखा, पण जरा गोडसर.
तेव्हाच फिरवायचं.
चावीत पहिल्यांदा कुरकुर येते, मग तूप लागल्यासारखं काहीतरी.
मध्ये थांबायचं नाही,
कुणी हाक मारली म्हणून मान वळवायची नाही.
गार झाला की परत धरतो तो,
जणू कधी सैल पडलाच नव्हता.

दुसरा सुटला. आट्यांवर पांढरी भुकटी.
सोमायनं जिभेला लावून बघितली, मीठ नव्हतं,
थुंकला.
तिसरा सुटला.
चौथा अर्धा फेरा आला होता,
तुम्ही जवळ आलात, म्हणालात, 'राव मरे',
आणि मी थांबलो. इतकं सगळं माहीत असून थांबलो.
तुम्हाला सांगायचं काहीच नव्हतं.
पट्टीच्या शेवटच्या अक्षरावर अंगठा टेकवलात
आणि झटक्यात मागे घेतलात. 'हून आसा.'
तापलेलंच असणार, बाब.
तोवर चौथा परत जाम.
परत सळई, परत तीन टोपल्या,
तराजूवाली दोतोर्न आमच्याकडे बघून हसत होती
आणि कुबल घड्याळाकडे.

पाचवा, सहावा. त्यांच्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

पहिल्याला मात्र ड्रिलच लागलं.
डोकं उडालं, पट्टी हातात आली,
दांडा पाटातच राहिला,
अर्धा इंच, माझ्या तीन थेंबांत.
काढायचा म्हटलं तर अजून दोन तास.
कुबल वाकला, बोट फिरवून पाहिलं,
'ऱ्हवांदे,' म्हणाला, 'रंग मारलो की दिसाचो नाय.'

तुम्ही पट्टी बनियनमध्ये गुंडाळलीत,
मजुरी विचारलीत,
मी पहिल्या ओळीत सांगितलं तेच परत सांगितलं.

पाच स्क्रू सोमायनं तंबाखूच्या डबीत टाकले.
चांगले आहेत म्हणाला,
भुकटी घासून काढली की परत चालतील.